चौदावा प्रश्न

आमच्या घरात चार जणांना माणसाचं शरीर कळतं आणि मला एकटीला कळत नाही. मुंतसिर, माझा धाकटा भाऊ, हाडांचा डॉक्टर. त्याची बायको अरीज कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. शेंडेफळ बहीण नहील सरकारी दवाखान्यात मुख्य नर्स आहे. आणि मुंतसिरचा मुलगा उबैदा मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि बाबांबरोबर राहते. जॉर्डनमधल्या आमच्या इर्बिदमध्ये गणिताच्या बाईचं मत दुखण्याखुपण्यात कोणी विचारत नाही, आणि आमच्या घरात तर कशातच विचारत नाही.

बाबांनी चाळीस वर्षं इर्बिद ते दमास्कस टॅक्सी चालवली. शिक्षण सहावीपर्यंत. पण स्टँडवर गाडी भरेपर्यंत हातात पेपर असायचा, आणि ती सवय गाडी सुटली तरी सुटली नाही. रोज सकाळी सेजची पानं घातलेला चहा, भिंग आणि पेपर. आधी कोण गेलं ते वाचायचं, मग बाकीचं जग. मुलांना डॉक्टर करायचं हे त्यांनी स्टिअरिंगवर बसून ठरवलं होतं आणि करून दाखवलं. मुंतसिरला ते घरातसुद्धा ‘डॉक्टर’ म्हणतात, नातवाला ‘हकीम’. पूर्वी मला ते ऐकून बरं वाटायचं. आता तो शब्द कानावर पडला की शिसारी येते.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबांचे गुडघे दुखायला लागले. मुंतसिरने रक्त तपासून घेतलं, तर व्हिटॅमिन डी नऊ निघालं. आमच्याकडे ही काही बातमी नव्हे. डोकं भाजणारं ऊन आणि घरोघर डी कमी, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण डॉक्टरच्या बापाचं नऊ म्हटल्यावर तो घराच्या अब्रूचा प्रश्न झाला.

दर शुक्रवारी नमाज झाली की सगळे आमच्याकडे जेवायला येतात. पुढच्या शुक्रवारी मुंतसिरने पन्नास हजार युनिटच्या कॅप्सूल आणल्या, आठवड्याला एक. बाकीचं मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगते. अरीजने सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं की कॅप्सूल नीट अंगी लागत नाही, आणि रोज घ्यायचे थेंब दिले. नहील म्हणाली, डॉक्टरांना कागदावर लिहायला येतं, माणसाच्या अंगात घालायला आम्ही लागतो. ती दर महिन्याला आतल्या खोलीत दार लावून इंजेक्शन द्यायला लागली. मला सांगायची, बाबांची कंबर चोळून देते. उबैदा तेव्हा वर्गात नुकताच शिकला होता की सुरुवातीला मोठा डोस द्यावा. त्याने आजोबांना पन्नास हजारची रोज एक घ्यायला सांगितली, आठवडाभर. आठवडा संपल्यावर थांबवायला सांगायचं तो विसरला. पुड्या मात्र आणून देत राहिला.

आणि चौघांनीही जाताना बाबांच्या कानात एकच वाक्य टाकलं. इतरांना सांगू नका, त्यांना त्यातलं काही कळत नाही, उगाच वाद घालतील.

बाबांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. एकाची गोळी घ्यायची आणि दुसऱ्याची परत करायची, म्हणजे त्या दुसऱ्याचं शिक्षण फुकट गेलं असं त्याच्या तोंडावर सांगायचं. ज्याने पोरांच्या शिक्षणासाठी रात्रीच्या फेऱ्या मारल्या, त्याच्याने ते होणार नव्हतं. सगळी खोकी त्यांनी हलव्याच्या एका रिकाम्या डब्यात घालून कपाटात ठेवली. तो डबा मी पाहिला होता, उघडला नव्हता. औषधांत तू नाक खुपसू नकोस, हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की ते माझंच मत होऊन बसलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

उन्हाळ्यात बाबांना तहान लागायला लागली. माठच्या माठ पाणी, आणि तासातासाला लघवीला उठणं. पोट आठ-आठ दिवस साफ होईना. खाल्लेलं उलटून पडायला लागलं. मग एका सकाळी त्यांनी पेपर हातात घेतला, बराच वेळ बघत राहिले आणि घडी करून बाजूला ठेवला. अक्षरं हलतात म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेपर मागितलाच नाही, आणि तेव्हा मी खरी घाबरले.

त्या शुक्रवारी मी मनसफ केलं होतं, दह्यात शिजवलेलं मटण आणि भात. परातीभोवती सगळे बसले आणि दहीभाताचे मुटके वळायला लागले. बाबांनी नुसतं पाणी मागितलं.

“बाबा, दोन घास तरी घ्या,” नहील म्हणाली.

“मळमळतंय गं.”

“रबिहा, लोणच्यात मीठ कमी घालत जा,” मुंतसिरने मला सुनावलं. “म्हातारं माणूस आहे घरात.”

“दोन महिन्यांत त्यांनी लोणच्याला बोट लावलेलं नाही,” मी म्हटलं.

“मग प्रोस्टेट बघायला हवं. आणि वय आहेच की.”

“भाज्या कमी पडतात,” अरीज म्हणाली. “घरात बसून असलेल्या बाईने एवढं तरी बघावं.”

मी घरात बसून नसते, रोज सहा तास वर्गात उभी असते. पण ते तिला सांगून उपयोग नव्हता.

“मला विचाराल तर डी अजून चढलंच नाहीये,” उबैदा तोंडातला घास न गिळता म्हणाला. “थकवा, विसरणं, सगळं त्याचंच आहे. सीदोंना डोस वाढवायला पाहिजे.”

सीदो म्हणजे आजोबा. मुंतसिरने मांसाचा मोठा तुकडा तोडून मुलाच्या बाजूला सरकवला. “बघा. चौथ्याच वर्षाला आहे अजून.”

“परत तपासलंय का?” मी विचारलं.

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मुंतसिर हसला. “हे गणित नाहीये, रबिहा. उत्तर ताडून बघायला.”

तेवढ्यात बाबांनी उबैदाला ‘फव्वाझ’ म्हणून हाक मारली. फव्वाझ म्हणजे त्यांचा भाऊ, जाऊन तीस वर्षं झाली. सगळे हसले. उबैदाने तर फव्वाझकाकांच्या आवाजात उत्तर दिलं, म्हणे आत्ताच दमास्कसहून आलो. पुन्हा हसले. चौघांची बोटं तुपाने चकचकत होती आणि मध्ये बाबाही हसत होते, कारण सगळे हसत होते. माझा घास माझ्या हातातच राहिला.

जेवणानंतर उबैदाने कागद वाटले. कॉलेजात त्याला एक पाहणी करायची होती. मेडिकलचे विद्यार्थी आणि दवाखान्यातली माणसं, यांना व्हिटॅमिन डीबद्दल किती कळतं. हॉस्पिटलात प्रश्न वाटण्याआधी घरात चाचणी. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. सगळ्यांनी दात कोरत, चहा पीत, दहा मिनिटांत खुणा केल्या. उबैदाने स्वतःही एक भरला.

“आत्या, तू तपास ना,” त्याने चार कागद आणि उत्तरांचा कागद माझ्यापुढे टाकला. “तुझं कामच आहे ते. तुला समजायची गरज नाही, नुसतं जुळवायचं.”

मी लाल पेन घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. पहिले तेरा प्रश्न सगळ्यांचे जवळजवळ बरोबर. ऊन किती वाजताचं, मासे कोणते, रक्तात आकडा किती असावा, सगळं पाठ. चौदावा प्रश्न होता, डी गरजेपेक्षा जास्त घेतल्यास काय होतं? चौघांनी एकाच पर्यायावर खूण केली होती. काही होत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

चौघांचंही चूक होतं. वीस वर्षं पेपर तपासते मी. एका बाकावरच्या चार मुलींचं एकच उत्तर चुकलं तर कॉपी झाली असं समजायचं. इथे कॉपी नव्हती, चौघे आपापल्या अकलेने चुकले होते.

उत्तराच्या कागदावर खाली बारीक अक्षरात खुलासा होता. कोणत्या तरी पुस्तकातून उबैदानेच उतरवला होता, बहुधा न वाचता. हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठून राहतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, उलट्या, गोंधळलेपण. पुढे मूत्रपिंडं निकामी होतात. मी ते दोनदा वाचलं. ते बाबांचंच वर्णन होतं, नाव तेवढं घालायचं राहिलं होतं.

मी मागे वळले तर बाबांची जागा रिकामी होती. नहीलही नव्हती. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

मी दार ढकललं. बाबा कुशीवर पडले होते, पँट कमरेखाली ओढलेली. नहीलच्या हातात सुई होती आणि उशीवर फोडलेली काचेची कुपी.

“थांब. कसलं इंजेक्शन आहे ते?”

“डीचं,” ती म्हणाली. “महिन्याचं असतं. तू जा बाहेर.”

“कितवं?”

“नववं. का?”

मी तिच्या हातातून सुई काढून घेतली. मग कपाट उघडलं आणि हलव्याचा डबा पलंगावर उपडा केला. मुंतसिरच्या कॅप्सूल, अरीजच्या बाटल्या, उबैदाच्या पुड्या, नहीलची मोकळी खोकी. गडबड ऐकून बाकीचेही दारात आले. मी चौदावा प्रश्न आणि खालचा खुलासा मोठ्याने वाचला.

मला वाटलं होतं, आता कोणी तरी बाबांची नाडी बघेल. कोणीच बघितली नाही. चौघांनी आधी एकमेकांची खोकी बघितली.

“रोज पन्नास हजार?” मुंतसिर मुलावर ओरडला. “कोणी सांगितलं तुला?”

“नहीलआत्या इंजेक्शन देतेय हे मला कोणी सांगितलं?” उबैदा म्हणाला.

“मी दिलेले थेंब आहेत,” अरीज म्हणाली. “थेंबांनी एवढं होत नाही. हे इंजेक्शनचं आहे.”

“माझ्यावर ढकलू नकोस,” नहील म्हणाली. “दवाखान्यात वर्षानुवर्षं देतेय मी, एकही तक्रार नाही.”

“तक्रार करायला परत येत नसतील,” अरीजने टोमणा मारला.

हे सगळं बाबांच्या अंगावरून चाललं होतं. ते तसेच कुशीवर पडून होते, अर्धे उघडे, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याच माणसांची इतकी किळस मला जन्मात कधी आली नव्हती. मी त्यांची पँट वर केली, बक्कल लावलं आणि गाडी बोलवायला सांगितली.

मुंतसिरच्या ओळखीच्या हॉस्पिटलात नेलं. कॅल्शियम इतकं वर गेलं होतं की लॅबने दुसऱ्यांदा तपासून खात्री केली. सलाइन लावलं. एक तरुण डॉक्टरीण आली, समाह नावाची. बारीक चणीची, आवाज शांत. तिने पलंगावर टेकून बाबांना विचारलं, “आजोबा, ही औषधं तुम्हाला कोणी दिली?”

बाबांनी पायथ्याशी उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मीच घेतली. फार्मसीतून. लोकांकडून ऐकलं, चांगली असतात.”

“किती घेतलीत?”

“चार-दोन गोळ्या असतील.”

मी चौघांकडे बघत राहिले. मुंतसिरने फोन काढला. अरीजने त्याच्या फोनात डोकं घातलं. नहीलने सलाइनची नळी सरळ केली, ती सरळच होती. उबैदा बुटांकडे बघत होता. म्हाताऱ्याने खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं.

“चार-दोन गोळ्यांचं असेल तर सलाइनने उतरेल,” डॉ. समाह म्हणाली. “परवा घरी सोडू.”

हे मात्र मला झेपलं नाही. चार-दोन गोळ्या आणि नऊ महिने यातला फरक कळायला वैद्यक लागत नाही. मी पिशवीतून डबा काढून पलंगावर ठेवला. “कॅप्सूल आठवड्याची, कॅप्सूल रोजची, थेंब रोजचे आणि आठ इंजेक्शनं. नववं मी थांबवलं.”

“झाक ते, रबिहा,” बाबा पुटपुटले. “झाक, माझ्या बाळा.”

मी झाकलं नाही. डॉक्टरणीने एकेक खोकं हातात घेतलं. इंजेक्शनचं मोकळं खोकं पाहून ती थांबली. “मग हे दोन दिवसांचं नाही. अंगात साठलंय, महिनोन्‌महिने उतरत राहील. परवा सोडलं असतं तर आठवड्यात परत आला असतात, किंवा आलाही नसतात.” मग तिने वर पाहून विचारलं, “कोणी दिलं?”

मी चार बोटं दाखवली. बाबांचीच माणसं, बाबांसमोर.

बाबा सतरा दिवस हॉस्पिटलात होते. त्यातले अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी भरवायची, ते खायचे, मग भिंतीकडे तोंड करायचे. मूत्रपिंडांची एक तृतीयांश ताकद कायमची गेली. मुंतसिरने मला व्हरांड्यात गाठलं. “सहकाऱ्यांमध्ये माझी अब्रू घालवलीस. बाबा स्वतः सांगत होते ना? मग तुला तोंड उघडायची काय गरज होती?” घरी सोडताना मी फाइल पाहिली. त्यावर डॉ. समाहची नाही, तिच्या वरिष्ठांची सही होती, मुंतसिरच्या बॅचचे ते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, रुग्णाने अज्ञानातून स्वतःच्या मनाने औषधं घेतली.

वसंतात उबैदाचा लेख छापून आला. शुक्रवारी चौघे कुनाफा मिठाईचं मोठं ताट घेऊन आले. बाबा आता बरे होते, पेपर पुन्हा सुरू झाला होता. त्यांनी लेखाचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, पण तो इंग्रजीत होता.

“रबिहा, वाच गं,” ते म्हणाले. “हकीम सांगतोय, मी पण आहे म्हणे त्यात.”

माझं इंग्रजी शाळेपुरतं आहे, पण तेवढं पुरलं. पहिल्या पानावर निष्कर्ष होता. मेडिकलचे विद्यार्थी आणि आरोग्य कर्मचारी यांना व्हिटॅमिन डीचं चांगलं ज्ञान आहे. मी प्रश्नांची यादी पाहिली. एकोणीसच होते. चौदाव्याच्या जागी तळटीप होती की एक प्रश्न उत्तर देणाऱ्यांना गोंधळात टाकणारा वाटल्याने वगळला.

“माझं वाच,” बाबा म्हणाले.

ते शेवटी होतं. जनतेत जागृतीची किती गरज आहे याचं उदाहरण म्हणून. मी अर्थ लावत वाचलं. “चौऱ्याहत्तर वर्षांचा निरक्षर टॅक्सीचालक. याने कोणत्याही डॉक्टरला न विचारता, नऊ महिने...”

“परत वाच.”

“नऊ महिने...”

“त्याच्या आधीचं.”

“निरक्षर टॅक्सीचालक,” मी म्हटलं.

बाबा मुंतसिरकडे वळले. “औषधं मी घेतली असं मीच सांगितलं होतं, ते ठीक आहे. पण निरक्षर?”

“बाबा, ते शास्त्रीय लिखाण आहे,” मुंतसिर कुनाफाचा तुकडा कापत म्हणाला. “असं लिहिलं की मुद्दा पटकन कळतो. तुमचं नाव कुठे आहे त्यात?”

“सीदो, मनावर घेऊ नका,” उबैदा म्हणाला. “सगळे असंच लिहितात.”

नहीलला विषय बदलायचा होता. तिने पर्समधून एक बाटली काढून बाबांसमोर ठेवली. “हे मॅग्नेशियम. पायात गोळे येतात ना तुमच्या? रोज दोन. मी स्वतः घेते.”

बाबांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मी उठणार होते. पण त्यांनी बाटली उघडली नाही. तिचं खोकं मागितलं, आतला घडीचा कागद काढला, मांडीवर पसरला आणि खिशातून भिंग काढलं. मग पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले, एकेक शब्द, स्टँडवर पेपर वाचायचे तसे. औषधाचं नाव. आत काय काय आहे. कशासाठी देतात. उबैदाने चमचा खाली ठेवला. अरीज म्हणाली, “बाबा, ते सगळं वाचायचं नसतं.” बाबा थांबले नाहीत. ताट तसंच पडून राहिलं.

“‘मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी,’” त्यांनी वाचलं, “‘हे औषध घेऊ नये.’”

तिथे त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि भिंग मुंतसिरच्या हातात दिलं.

“पुढचं तू वाच, डॉक्टर.”